काचेवर न दिसणारा ताप

तालुक्याला आम्हा लॅबवाल्यांची दर महिन्याला मीटिंग असते. आत कोणी तोंड उघडत नाही, पण चहाला बाहेर आलो की एकेकाला जोर चढतो. हा सांगतो, माझ्याकडे एकानं लघवीच्या बाटलीत मध भरून आणला. तो सांगतो, माझ्याकडे एकजण बकरीला ताप आहे म्हणून बकरीच घेऊन आला. किस्से काही केल्या संपत नाहीत. पावसाळ्यात तर रोज दोन-चार नवीन जमतात. मी सहसा ऐकणाऱ्यांत असतो. माझे किस्से हसता हसता मध्येच मरणापाशी जातात, आणि चहाच्या वेळी ते कोणाला नको असतं.

पण आज बसलोच आहोत, तर सांगतो.

मी मेश्राम. एटापल्ली तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन आहे. सूरजागडच्या खाणीचे लाल चिखलाने माखलेले ट्रक जातात त्या रस्त्यावरून आत वळलं की एक नाला लागतो. नाल्याच्या पलीकडे आम्ही, आणि आमच्या मागे जंगलातले टोले, म्हणजे थोड्याथोड्या घरांच्या वस्त्या. माझं काम म्हणजे बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली मलेरिया शोधायचा. लोक मला काचवाला भाऊ म्हणतात.

ज्या पावसाळ्याचं सांगतोय, त्याच्या आदल्या वर्षी आमच्या आशाताई जैनीबाई यांची थोरली मुलगी रुपी तापानं गेली. वीस वर्षांची पोर. तेव्हा केंद्रात डॉक्टर नव्हते. तीन वेळा मी तिचं रक्त तपासलं, तिन्ही वेळा काच साफ. मी आपला 'निगेटिव्ह' लिहीत गेलो, आणि नवव्या दिवशी पोर गेली. माती देऊन परतताना जैनीबाई माझ्या बाजूनं चालत होत्या. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, लहानीले असाच ताप आला, त मी काय करू?"

लहानी म्हणजे सोमी. तेव्हा सतरा वर्षांची होती. पुढचा अख्खा पावसाळा आम्ही सगळ्यांनी या एका प्रश्नाच्या धास्तीत काढला.

* * *

उन्हाळ्यात आम्हाला डॉक्टर मिळाल्या. सांगलीकडच्या मॅडम, पहिलीच नोकरी. बॅगेत तीन छत्र्या घेऊन आल्या होत्या.

मी दुसऱ्याच दिवशी एक मिठाईचं खोकं त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांना वाटलं, स्वागताचे पेढे. आत कापसात गुंडाळलेल्या रुपीच्या तीन काचा होत्या. तपासलेल्या काचा धुऊन परत वापरायच्या असतात, पण या तीन मी धुतल्या नव्हत्या. रोज दुपारी काढून बघायचो. पाचशे वेळा तरी बघितल्या असतील.

मॅडम दोन तास मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या. चहावर साय जमली. मग मान वर करून म्हणाल्या, "मेश्राम, यात मलेरिया नाही. तुम्ही बरोबर लिहिलंत."

तुम्हाला वाटेल, मला हायसं वाटलं असेल. झालं उलटंच. चूक माझी असती तर ती मी सुधारली असती. आता सुधारायचं काय?

"मग ती गेली कशानं?" मॅडमनी विचारलं.

"ते विचारायलाच खोकं आणलं," मी म्हणालो.

* * *

मॅडमची पहिली अडचण साधी होती. "ताप किती दिवसांपासून?" असं विचारलं की उत्तर यायचं, "मागच्या बजाराच्या मागच्या बजारापासून." आमच्याकडे आठवडी बाजार हेच कॅलेंडर. त्यातही कोणाचा बाजार सोमवारचा, कोणाचा गुरुवारचा. मॅडमनी भिंतीवर टोल्यांची आणि त्यांच्या बाजारांची यादी लावली, रोज ती पाठ करायच्या. तापाचा चौथा दिवस की नववा, यावर माणसाचं जगणं-मरणं ठरतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

दोन महिन्यांनी घरून त्यांच्या आईचा फोन आला, घरी कधी येतेस म्हणून. मॅडम सहज म्हणून गेल्या, "पुढच्या बाजाराच्या पुढच्या बाजाराला."

आईनं म्हणे विचारलं, "अगं, तारीख सांग ना!"

* * *

वरच्या टोल्यातल्या पेकीबाईला मलेरिया झाला. हा मात्र काचेवर ठळक दिसला, मला जरा बरंच वाटलं. ताप उतरला, आणि परत येऊ नये म्हणून मॅडमनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. महिन्याभरात ताप परत हजर. पुन्हा चौदा दिवस. पुन्हा ताप.

मॅडम घाबरल्या. गोळ्याच लागू पडत नाहीत की काय, ही शंका डॉक्टरची झोप उडवणारी असते. जैनीबाई म्हणाल्या, "मॅडम, तू चाल माह्यासंग. जेवाच्या टायमाले जाऊ." जैनीबाई सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, कलेक्टर आले तरी.

आम्ही गेलो. पेकीबाईनं गोळी काढली, पाट्यावर ठेवून बारीक वाटली, आणि ती पूड आंबिलीच्या गंजात टाकून छान ढवळली. मग घरातल्या सातही माणसांना वाढलं.

"अहो, ही तुमची एकटीची गोळी आहे ना?" मॅडम म्हणाल्या.

पेकीबाईला मॅडमच्या बुद्धीची कीव आली असावी. "एकटी कशी खाऊ? लेकरं पाहून राह्यली न!"

त्या लेकरांत एक सव्वा वर्षाचं होतं. ही गोळी एखाद्याला सोसत नाही, रक्त फुटून लघवी काळी होते. पुढचे तीन दिवस मी आणि जैनीबाई रोज जाऊन त्या घरातल्या पोरांची लघवी पाहत होतो. सुदैवानं सगळी पोरं धडधाकट निघाली.

मॅडमनी नंतर व्हिटॅमिनच्या लाल गोळ्या नेल्या, घरातल्या सहा जणांना रोज एकेक. सातवी मलेरियाची खरी गोळी, ती पेकीबाईच्या तोंडात. सगळे एकत्र खाणार, मग पेकीबाईची हरकत नव्हती. चौदा दिवस जैनीबाई समोर उभ्या राहिल्या. ताप परत आला नाही.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या घरचा माणूस ताप घेऊन आला. रक्त द्यायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं, "आमी नऊ जण आहो."

* * *

आमचा जीपचा ड्रायव्हर बंडूभाऊ मूळचा वडशाचा. हिवाळ्यात रजा टाकून झाडीपट्टीच्या नाटकांत काम करतो, आणि काम नेहमी खलनायकाचं. मिशा खऱ्या आहेत, आवाज त्याहून खरा.

एका म्हाताऱ्याला तापात झटके येत होते. बंडूभाऊ त्याला आणायला गेला आणि रिकामी जीप घेऊन परत आला.

"काऊन?" मी विचारलं.

"त्यायनं माहं नाटक पाह्यलं हाय," तो मान खाली घालून म्हणाला.

झालं असं होतं, की त्या हिवाळ्यात बंडूभाऊनं स्टेजवर सख्ख्या भावाला दुधातून विष दिलं होतं. म्हाताऱ्याची बायको त्याला बघून दारातच आडवी झाली. "ह्याच्या गाडीत नाई पाठवत. ह्यानं भावाले सोडलं नाई, आमाले सोडल?"

झटके येणाऱ्या माणसाला एकेक मिनिट महाग असतं. मॅडम बंडूभाऊला म्हणाल्या, "परत जा. काहीही करा, पण त्यांना आणा."

सोबत गेलेल्या जैनीबाईंनी सांगितलं ते असं. बंडूभाऊ गेला, अंगणात गुडघ्यावर बसला, छाती पिटून घेतली आणि घडाघडा संवाद म्हटले. मी पापी, मी भाऊ मारला, आता ह्या बापाले वाचवून पाप धुऊ दे. नाटकात असा प्रवेशच नव्हता. सगळा टोला गोळा झाला. म्हातारीनं डोळे पुसले आणि नवऱ्याची खाट स्वतः उचलू लागली.

म्हाताऱ्याला डोक्यात चढलेला मलेरिया निघाला. वाचला. जाताना त्यानं बंडूभाऊच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जा. भावाची माफी मी मागतो."

* * *

आता माझीच फजिती सांगतो.

सकाळी नऊच्या सुमाराला लालसू नावाच्या तरण्याबांड गड्याला आणलं. उचलून आणलेला, डोळे मिटलेले, तोंडातून लाळ. त्याचा बाप वैतागून म्हणाला, "काल लगन होतं. मोहाची पेला असन. पोट दुखते म्हने आंधी, मंग असा पडला."

मी सवयीनं बोट टोचलं, काच पाहिली. साफ. म्हणालो, "झोपू द्या, उतरेल दुपारपर्यंत."

मॅडमनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. "लालसू, डोळे उघड." पापण्या हलल्या नाहीत, पण कपाळाला आठ्या पडल्या. मॅडम माझ्याकडे वळल्या. "हा झोपलेला नाही. हा डोळे उघडायचा प्रयत्न करतोय, पापण्या उचलत नाहीत." मग बापाला विचारलं, "जमिनीवर निजला होता का?"

मण्यार चावला होता. या सापाची खूण दिसत नाही, दुखतही नाही, फक्त अंगातला जोर एकेक करून निघून जातो. शेवटी श्वासाचा. मॅडमनी इंजेक्शन सुरू केलं आणि नाकातोंडावर हवेचा फुगा लावला. मी, बंडूभाऊ आणि जैनीबाई, तिघांनी आळीपाळीनं तो फुगा दिवसभर दाबला. संध्याकाळी त्याचं पहिलं बोट हललं, तेव्हा माझी बोटं हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलता येऊ लागलं. त्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, पाणी हवंय.

"काचवाला भाऊ," तो म्हणाला, "मले समदं आयकू येत होतं. मी पेलो नोहतो."

त्या दिवसापासून काच साफ निघाली की मी माणसाच्या तोंडाकडेही बघतो.

* * *

मग कोमटी आला. झाडोरा साफ करून नवी बांधी, म्हणजे धानाचं शेत, काढत होता. पाच दिवस ताप, डोकं फुटतंय, डोळे लाल. मी काच पाहिली. साफ. दुसरी पाहिली. साफ. तिसरी रंगवायला घेतली. हे सगळं मी रुपीच्या वेळी केलं होतं.

आमच्याकडे फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या शिडीवर, सातव्या पायरीला येते. मॅडम तिथे चढून त्यांच्या नागपूरच्या सरांशी बोलल्या. खाली आल्या तेव्हा हातावर पेनानं लिहिलेलं होतं: काळी खपली.

झुडपात एक बारीक किडा असतो, डोळ्याला दिसणार नाही इतका. चावलेलं कळत नाही. चावतो तिथे बिडीचा चटका बसावा तशी छोटी काळी खपली धरते, काखेत, जांघेत, कुठेही. ती सापडली तर हा ताप मलेरियाचा नाही, त्या किड्याचा. साध्या कॅप्सूलनं बरा होतो. "आणि नाही सापडली तर टायफॉइड धरून चाल," असं सर म्हणाले होते.

कोमटीची खपली करदोड्याखाली होती. करदोडा आईनं बांधलेला, तो सरकवायला तयार नव्हता. शेवटी स्वतःच्या हातानं बोटभर सरकवला. कॅप्सूल दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो बिडी मागत होता.

तेव्हापासून आम्ही तापाचा प्रत्येक माणूस डोक्यापासून पायापर्यंत तपासायला लागलो. बायांना मॅडम, गड्यांना मी. टोल्यांत बातमी पसरली. एक म्हातारा तर ओसरीवरच धोतर सोडायला लागला. मी म्हटलं, "बाबा, आधी केसपेपर तर काढू द्या." तो म्हणाला, "कागद मंग बनव. आंधी पाहून घे, मले वावरात जाचं हाय."

सगळे हसले. जैनीबाई कोपऱ्यात गोळ्यांची पाकिटं लावत होत्या. मान न उचलता म्हणाल्या, "रुपीचं आंग कोनं पाह्यलं नाई."

* * *

श्रावणात नाला चढला, आणि सोमी तापली.

चौथ्या दिवशी तिला खाटेवर घालून आणलं. तोपर्यंत घरी ठेवली कारण जैनीबाई स्वतः दुसऱ्या टोल्यात अडकल्या होत्या. मी काच पाहिली. काय दिसलं, हे सांगायला मी लॅबमधून बाहेर आलो आणि जैनीबाईंनी माझ्या तोंडाकडे बघून मान फिरवली. सांगायची गरज पडली नाही.

मॅडमनी पडदा ओढला आणि दोघींनी पोरीचं अंग तपासलं. काखा, जांघा, मान, केसांतली कातडी, पायाच्या बोटांच्या बेचक्या. एकदा, दोनदा, तीनदा. खपली नाही. मॅडम बाहेर आल्या. "नाहीये. म्हणजे तो ताप नाही." आवाजात खात्री नव्हती, पण सरांनी सांगितलेलं तेच होतं. टायफॉइडची इंजेक्शनं सुरू झाली.

पाचवा दिवस. सहावा. ताप हलेना. सोमी बरळायला लागली, श्वास लागला. तिला मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हणून बंडूभाऊ दर तासाला नाल्यावर जाऊन पाणी बघून यायचा आणि जीपला टेकून उभा राहायचा. वीज गेली तशी रेंजही गेली, टाकीच्या सातव्या पायरीवर काही उपयोग नव्हता, तरी मॅडम तिथे चढून उभ्या राहायच्या. मला मनातून एकच भीती होती, नवव्या दिवसाची.

आठव्या दिवशी सकाळी सोमीची आजी आली, जैनीबाईंची सासू. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, काठी टेकत टेकत चिखलातून आलेली. जुन्या काळी टोल्यातल्या पोरींना तीच गोंदायची. सोमीच्या पोटऱ्यांवर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत ठिपक्यांच्या रांगा आहेत, त्या तिच्याच हातच्या, आणि त्याच शेवटच्या. नंतर डोळे गेले.

तिनं तेल मागितलं आणि नातीच्या पायाशी बसून पोटऱ्या चोळू लागली. मी पडद्याबाहेर सुयांचा ट्रे घेऊन उभा होतो. आतून फक्त तेलाच्या हाताचा आवाज येत होता. मग तो थांबला.

आजी गोंडीत काहीतरी पुटपुटली. हात परत फिरला, परत थांबला. या वेळी ती मोठ्यानं बोलली, रागानं.

"काय म्हणतात?" मॅडमनी विचारलं.

जैनीबाईंनी मराठीत सांगितलं. "म्हंते, हा ठिपका माह्या हातचा नाई."

"कुठला ठिपका?"

"ह्यो. म्हंते, मी रांगेत गोंदते. ह्यो रांगेबाहीर हाय. आन खरखरते."

मॅडम म्हणाल्या, "मेश्राम, टॉर्च," आणि मी पडदा, सुया, लाज, सगळं बाजूला सारून आत गेलो. गोंदणाच्या शेकडो काळ्या ठिपक्यांमध्ये तो एक होता. मॅडम आणि जैनीबाई, दोघींनी तो पाय तीनदा पाहिला होता. डोळे असलेल्या दोघींनी.

कॅप्सूल दहा पावलांवरच्या कपाटात होत्या. चार दिवस तिथेच होत्या. खपली सापडली नाही तरी द्यायला हव्या होत्या, असं मॅडम आजही म्हणतात, आणि म्हणताना कोणाकडे बघत नाहीत. त्या दिवशी कॅप्सूल फोडून पाण्यात कालवली, चमच्यानं थेंब थेंब पाजली. नववा दिवस गेला.

दहाव्या दिवशी ताप उतरला. अकराव्या दिवशी दुपारी सोमी उठून बसली आणि भात मागितला. बंडूभाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मॅडम खाटेच्या कडेला नुसत्या बसल्या होत्या, स्टेथोस्कोप हातात.

आजी मात्र नातीच्या पायाशी बसून त्या जागेवरून बोट फिरवत कुरकुर करत होती. थांबेचना.

"आता काय म्हणतात त्या?" मॅडमनी विचारलं.

जैनीबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"म्हंते, सारी रांग बिघडवली त्यानं. आता पोरीच्या पायावर जलमभर ह्ये वाकडंच दिसन."